तिसऱ्या मजल्यावरची रंगपंचमी

“वॉशरच तर हाय म्हणं! मग कंपनीनं तीन दिवस घरी बसवलं व्हतं ते कशापायी? असल्याच एका वॉशरपायी ना?”

“ते येगळं व्हतं.”

“काय येगळं? तवा साहेब म्हणायचा टाक, आन् तुमी म्हणायचा न्हाई टाकत. आता साहेबबी तुमीच आन् फिटरबी तुमीच. एवढंच येगळं.”

“आगं, तो कंप्रेसर व्हता. ही पोरांची बंदूक हाय. पाण्याची.”

“कंप्रेसर कुणी नातीच्या तोंडापाशी धरला नव्हता.”

ओट्यावर पसरलेल्या वर्तमानपत्रावरून भिमाजींनी एक बारीक स्प्रिंग उचलली, फुंकली आणि डब्याच्या झाकणात ठेवली. झाकणात सात स्क्रू ओळीनं मांडलेले होते, ज्या क्रमानं काढले त्याच क्रमानं. त्यांची बायको कुशाबाई समोर भिंतीला पाठ लावून लसूण सोलत बसल्या होत्या. दोघांच्या मधे बंदूक उघडी पडली होती.

बंदूक हर्षालीची, अकरा वर्षांच्या नातीची. सोनलनं, म्हणजे सुनेनं, ती धुळवडीसाठी मोबाइलवरून मागवली होती. नारिंगी आणि हिरवी, पोरीच्या हाताएवढी लांब. खालचा दांडा मागेपुढे केला की टाकीत हवा दाबली जायची, आणि घोडा ओढला की पाण्याची काठीच्या काठी बाहेर पडायची. पण पंधरा-सोळा वेळा दांडा मारला की मुठीखालच्या एका भोकातून पाणी पिचपिच गळायला लागे. धुळवडीच्या दिवशी हर्षालीला वाटलं, बंदूक पहिल्याच दिवशी फुटली. ती रंगलेल्या तोंडानं रडत आजोबांकडे आली. भिमाजींनी चष्मा कपाळावर चढवला, भोकात पाहिलं आणि म्हणाले, “फुटली न्हाई गं. सेफ्टी व्हॉल्व्ह हाय हा. जास्तीचं प्रेशर बाहेर सोडतोय.” मग बंदूक उलटीसुलटी करून स्वतःशीच म्हणाले, “खेळण्यातसुदिक बसवलाय राव!” ज्यानं तो बसवला त्याला ते ओळखत असावेत, असा तो आवाज होता.

त्याला तीन दिवस झाले होते. उद्या रंगपंचमी. आणि आज तोच व्हॉल्व्ह काढून भिमाजी बसले होते. बोटाच्या पेरावर एक लहानसा लोखंडी वॉशर. तो स्प्रिंगखाली टाकला की स्प्रिंग आणखी दबणार, व्हॉल्व्ह उशिरा उघडणार, टाकीत दाब वाढणार आणि पाणी आणखी दहा-बारा फूट वर जाणार. चाळीस वर्षं फिटरकी केलेल्या हाताला दहा मिनिटांचं काम. भिमाजी जेवण झाल्यापासून त्या कामाला बसले होते आणि आता चार वाजायला आले होते.

भिमाजी ह्याच गावचे, चाकणजवळच्या निघोज्याचे. आयटीआय झाल्यावर भोसरीच्या एका कंपनीत लागले. पहिली सात वर्षं सायकलवर. कुरुळीवरून हमरस्ता, मग मोशीचा इंद्रायणीवरचा पूल, मग भोसरी. तेव्हा मोशीला रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी असायची आणि पहाटे पुलावर एवढी थंडी की हँडल धरलेली बोटं कंपनीच्या गेटावर पोचेपर्यंत उघडत नसत. गेटावरचा वॉचमन म्हातारा, साताऱ्याकडचा. तो शेगडीवर आधी यांचे हात धरायचा आणि मग कार्ड पंच करू द्यायचा. आज त्याच रस्त्यावर मोशी कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळत नाही. नवनाथ, त्यांचा मुलगा, चाकणच्या कंपनीत गाडीनं वीस मिनिटांत जातो आणि तरी ट्रॅफिकला शिव्या देत घरी येतो.

कंपनीत भिमाजी मेंटेनन्सला होते. बॉयलर, कंप्रेसर, पाइपलाइन. एका मार्चमध्ये टार्गेट अडलं होतं, कंप्रेसरचा व्हॉल्व्ह सारखा हवा सोडत होता, आणि साहेब म्हणाले, एक वॉशर टाक स्प्रिंगखाली, महिना निघून जाईल. भिमाजींनी पाना पेटीत ठेवला आणि पेटीचं झाकण लावलं. तीन दिवस निलंबन. त्या तीन दिवसांत त्यांनी घरातले आणि गल्लीतले सगळे गळके नळ दुरुस्त केले, आणि कुशाबाईंनी त्यांना तीनही दिवस बोलून घेतलं. नवनाथ तेव्हा पोटात होता. साहेबाशी कुणी वॉशरवरनं भांडतं का? भिमाजी एवढंच म्हणाले होते, “ज्यानं स्प्रिंग बसवली त्यानं काय तरी हिशोब करूनच बसवली असंल की.”

ते वाक्य कुशाबाईंनी पस्तीस-छत्तीस वर्षं जपून ठेवलं होतं. आज दुपारी उपयोगाला आलं.

“बोला ना आता,” त्या लसणाची साल झटकत म्हणाल्या. “हिची स्प्रिंग काय बिगरहिशोबी हाय व्हय?”

“तू जरा गप बस.”

“मी गप बसले तर तुमी वॉशर टाकाल.”

हे सगळं कशासाठी, ते घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. समोर, बारा फुटांच्या गल्लीपलीकडे, दादासाहेबांची तीन मजली इमारत होती. आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दादासाहेब खुर्चीत बसून होते.

दादासाहेब नात्यानं भावकीतले, पण भावकीपेक्षा जास्त. एका पाटीवर दोघं लिहायला शिकले. भिमाजी कंपनीत गेले, दादासाहेब शेतीत राहिले, कांदा करायचे. भिमाजींनी कंपनीत घरासाठी म्हणून आयुष्यात एकच वस्तू केली. जेवणाच्या सुट्टीत, साहेबाला विचारून, भंगारातल्या पितळी नळीच्या दोन पिचकाऱ्या. एक स्वतःला, एक दादासाहेबांना. आतला दट्ट्या लेथवर काढलेला, त्याला सायकलच्या जुन्या पंपाचा चामडी वॉशर. तो रंगपंचमीच्या आदल्या दिवशी शेंगदाण्याच्या तेलात भिजत टाकायचा. रात्रभर तेल प्याला की फुगतो आणि नळीला घट्ट बसतो. मग पाणी जातं आठ-दहा फूट, पण कसं, एका धारेत, जिथं मारलं तिथं.

त्याच वर्षी भिमाजींनी कंपनीतनं आणखी एक वस्तू आणली. मार्किंगचं निळं. दोन भाग एकमेकांना कुठे टेकतात ते बघायला फिटर लोक लावतात तो घट्ट निळा लेप. वाटाण्याएवढा बोटाला लागला तर चार दिवस जात नाही. हे भिमाजींना माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं ते असं, की रंगपंचमीनंतर तिसऱ्या दिवशी दादासाहेबांची सुपारी फुटायची होती. मुलगी माण गावची, घरच्यांनी परस्पर ठरवलेली, आणि दादासाहेब लाजून दोस्तालाही बोलले नव्हते. पिचकारीनं भिजवून झाल्यावर भिमाजींनी दोन्ही हातांनी त्यांच्या कानांना, मानेला निळं चोळलं. दादासाहेबांच्या आईनं रॉकेल लावलं, दही लावलं, चुलीतली राख लावली. चेहरा निघाला, कान निघाले नाहीत. पोरगं कानांवर फेटा ओढून माणला गेलं. पोहे घेऊन आलेल्या मुलीला फेट्याखालून निळी पाळी दिसली आणि तिच्या हातातली ताटली हलायला लागली. हसू दाबताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मोठ्या माणसांना वाटलं, पोरगी हळवी आहे.

तीच कुसुमताई. लग्नानंतर तिनं पहिल्यांदा विचारलं, “ते निळं कुणी लावलं होतं?” तेव्हापासून भिमाजींचं नाव ‘निळे भावजी’.

मग दर वर्षी तेच. कंपनीची सुट्टी धुळवडीला असायची. भिमाजी त्या दिवशी घरी झोपायचे आणि रंगपंचमीला रजा टाकायचे. चौतीस वर्षं. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती काम’. दादासाहेब दर वर्षी नवीन जागी लपायचे. बैलगाडीखाली, कडब्यात, एकदा कांद्याच्या चाळीत. भिमाजी त्यांना शोधून काढायचे आणि पहिली धार छातीवर. गावातली पोरं मागे ओरडत असायची. कुशाबाई आणि कुसुमताई दोन्ही घरांचं आंघोळीचं पाणी एकाच चुलाण्यावर तापवायच्या. दुपारी जेवण एका घरी, कुणाच्या ते आधी ठरलेलं नसायचं.

आता गल्लीतल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी कंपनीत. रंगपंचमीच्या सकाळी घरी असतात ती म्हातारी माणसं आणि शाळेला दांडी मारलेली पोरं. म्हणून गेल्या वर्षी देवळात बैठक झाली. पोरं म्हणाली, इथून पुढे रंग धुळवडीलाच खेळू. आणि दादासाहेब, गावातलं जुनं माणूस, म्हणाले, “पोरं घरी असतील तो सण. खेळा.”

भिमाजी उठून उभे राहिले. “सण काय कंपनीच्या नोटीस बोर्डावर लागतो व्हय?”

“भिमा,” दादासाहेब म्हणाले, “चाळीस वर्षं कंपनीच्या भोंग्यावर उठलास आन् बसलास. आता सणाचं मला शिकवतोस?”

पोरं हसली. दादासाहेबांनी ते हसण्यासाठी म्हटलं नव्हतं, पण हसली. भिमाजी देवळाची पायरी उतरता उतरता म्हणाले, “ह्या जल्मात तुझा जिना चढणार न्हाई.”

त्या वर्षी धुळवडीला ते कडी लावून आत बसले. रंगपंचमीला दारात गुलाबी रंगाची बादली भरून दुपारपर्यंत बसले. कुणी आलं नाही. मग त्यांनी सगळी बादली दारातल्या शेवग्याच्या बुंध्यावर ओतली. शेवगा महिनाभर गुलाबी होता, आणि येणारा जाणारा विचारायचा, याला काय झालं?

दिवाळीच्या आधी दादासाहेबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. भिमाजी दवाखान्याच्या पार्किंगपर्यंत गेले आणि मोसंब्यांची पिशवी सोनलच्या हाती वर पाठवून परत आले. खालचे दोन मजले भाडेकरूंना द्यायचे आणि आपण वर हवेत राहायचं, असं दादासाहेबांनीच बांधताना ठरवलं होतं. इमारतीला लिफ्ट नाही. दिवाळीपासून ते खाली आलेले नाहीत. कुशाबाई आठवड्यातून दोनदा वर जाऊन येतात. आल्यावर भिमाजी विचारत नाहीत आणि त्या सांगत नाहीत.

आज सकाळी भिमाजी ती बंदूक घेऊन स्वतःच्या घराच्या गच्चीवर गेले. हर्षाली मागे. त्यांनी सोळा दांडे मारले, भोकातनं पाणी पिचपिचलं, आणि त्यांनी घोडा ओढला. धार गल्लीवरून सरळ गेली, वर चढली, आणि दुसऱ्या मजल्याच्या जाळीवर फुटली. तिथे भाडेकरूंच्या कंपनीच्या पँटी वाळत होत्या.

“चाचा! अभी तो धोया था!” आतून एक पोरगा ओरडला.

“सुखेगा, सुखेगा!” भिमाजी म्हणाले आणि पुन्हा दांडे मारायला लागले. दुसरी धारही तिथेच. तिसरी एक वीत वर.

तेवढ्यात वरच्या गॅलरीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दादासाहेबांचं डोकं कठड्यावर आलं. एका बाजूला ओघळलेलं तोंड. त्यांनी खाली जाळीकडे पाहिलं, पँटींकडे पाहिलं, मग समोरच्या गच्चीकडे. डावा हात वर केला आणि अंगठा व तर्जनी यांच्यात चिमूटभर अंतर धरून दाखवलं. तोंडातून काहीतरी जड आवाज आला.

त्यांच्या मागून कुसुमताई पुढे आल्या. “निळे भावजी, ते म्हणतायत, कमी पडलं!”

वर्षभरात पहिल्यांदा त्या घरातून भिमाजींना हाक आली होती. हर्षालीनं आजोबांकडे पाहिलं. भिमाजींचे कान लाल झाले होते. ते खाली आले आणि पेटीतला स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागले.

असं ते ओट्यावर आलं होतं.

“टाकून तर बघतो,” शेवटी भिमाजी म्हणाले. “टेस्ट केल्याबिगर कायबी सांगायचं न्हाई.” त्यांनी वॉशर स्प्रिंगखाली ठेवला, सातही स्क्रू आवळले आणि बंदूक घेऊन धुण्याच्या दगडापाशी गेले. हर्षालीला दाराच्या आत उभं केलं. “तिथनंच बघायचं. उंबरा वलांडायचा न्हाई.”

त्यांनी टाकी काठोकाठ भरली, आत हवेचा बुडबुडाही राहू दिला नाही. हवा असली तर भांडं फुटून उडतं. नुसतं पाणी असलं तर भांडं चिरतं आणि तिथेच थांबतं. कंपनीत ते हे नवीन पोरांना पहिल्या दिवशी सांगायचे. बंदूक दगडामागे टेकवून, तोंड बाजूला फिरवून त्यांनी दांडा हळूहळू दाबला. एक. दोन. तीन. मग थांबले आणि टाकीच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. अंगठा ओला झाला. व्हॉल्व्ह अजून उघडला नव्हता.

“लीक आहे, आण्णा?” हर्षाली दारातून.

“न्हाई. घाम आलाय तिला.”

“मग टेप मारू ना! माझ्याकडे ब्राउन टेप आहे. फुल राउंड!”

“टेपनं न्हाई व्हायचं.” भिमाजी सांध्याकडे बघत राहिले. “तारेचा बंद मारला तर बसंल. दोन बंद. हितं आन् हितं.”

कुशाबाई लसणाची ताटली घेऊन तिथेच येऊन बसल्या. दोन पाकळ्या सोलल्या. मग म्हणाल्या, “गेल्या सालच्या पंचमीला दादासाहेबांनी कुठला शर्ट घातला व्हता, ठावं हाय?”

“मला काय ठावं.”

“पट्ट्यापट्ट्याचा. कोपरावर ठिगळ हाय तो.”

भिमाजींनी मान वर केली. तो शर्ट त्यांना माहीत होता. दादासाहेबांचा रंगाचा शर्ट. वर्षातून एकदाच ट्रंकेतून निघायचा.

“कुणी सांगितलं तुला?”

“कुसुमनं. सकाळी अंघूळ करून तोच घातला. जेवलेबी त्यातच. कुसुम म्हणली, आवो, रंग तर धुळवडीला खेळून झाला. तर म्हणले, असू दे. सांज झाल्यावर काढला, घडी केली, ठेवून दिला. धुवायला टाकला न्हाई. घाणच कुठं झाला व्हता?”

“आन् हे तू मला वरीसभर सांगितलं न्हाई?”

“तुमी इचारलं न्हाई. मी वरनं खाली आले की पेपर तोंडाफुडं धरत व्हता.”

भिमाजी दगडावर बसून राहिले. बंदुकीच्या सांध्यातून पाण्याचा एक थेंब जमला, लांबला आणि दगडावर पडला. मग दुसरा. हर्षाली उंबऱ्याच्या आत उभी राहून कंटाळली आणि टीव्ही लावायला गेली. त्यांनी घोडा ओढून दाब सोडला, पाणी ओतलं, स्क्रू काढायला घेतले. कुशाबाई उठल्या. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, पण बोटाच्या पेरावरचा तो वॉशर आत जातोय की बाहेर येतोय ते त्यांना तिथून दिसलं नाही.

सोनल पहिल्या शिफ्टवरून आली तेव्हा बंदूक जिन्याखाली होती, पुसून ठेवलेली. सासरे माळ्यावरची पत्र्याची पेटी काढून बसले होते. तिनं विचारलं, “आण्णा, काय शोधताय? मी काढून देऊ?” ते म्हणाले, “सापडलं.”

संध्याकाळी आमटीला फोडणी द्यायला कुशाबाईंनी तेलाची किटली उचलली, तर ती जागेवरून हललेली. फळीच्या कडेला एक वाटी होती. वाटीत दोन बोटं तेल, आणि तेलात पैशाएवढं काळं, वाळकं चामडं. कडा नुकत्याच मऊ पडायला लागल्या होत्या. कुशाबाई वाटीकडे बघत उभ्या राहिल्या. इकडे जिरं जळालं. मग त्यांनी मुंग्या लागू नयेत म्हणून वाटीवर एक ताटली पालथी घातली आणि दुसरं जिरं घेतलं.

आठ वाजता सगळे जेवायला बसले. नवनाथ भाकरी मोडता मोडता म्हणाला, “आण्णा, हर्षू सांगत होती, टाकीचा सांधा पाझरतोय. आमच्या स्टोअरमधे क्लॅम्प आहेत, स्टेनलेसचे. एक फोन करतो, मित्र येताना घेऊन येईल. व्हॉल्व्ह ब्लॉकच करून टाकू सरळ. तिसरा मजला काय, टाकीवर जाईल पाणी!”

“पप्पा, खरंच?” हर्षाली ताटावरून उठलीच.

“बस गं खाली,” सोनल म्हणाली. “डोळ्याबिळ्याला लागलं कुणाच्या म्हणजे?”

“अगं, आण्णा चालवणार, तू चालवणारेस का? चाळीस वर्षांचा अनुभव आहे माणसाला. काय आण्णा?”

कुशाबाईंनी कुणाकडे पाहिलं नाही. त्या आमटी वाढत होत्या.

भिमाजींनी भाकरीचा शेवटचा तुकडा आमटीत बुडवला, खाल्ला, पाणी प्यायले आणि तांब्या खाली ठेवला.

“कुणाला फोन करायचा न्हाई,” ते म्हणाले. “बंदूक जशी आली तशी जोडून ठिवलीय. तिला कुणी हात लावायचा न्हाई. उद्या सकाळी नऊ वाजता मी दादासाहेबाच्या जिन्यानं वर चाललोय. माझा जुना सदरा काढून ठिवा.”